हलकी गाडी हलकीच राहू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही वाटांवर चालणाऱ्या हलक्या मोटारसायकलींविषयी, म्हणजे ड्युअल-स्पोर्ट गाड्यांविषयी, वाहनांच्या पानावर लिहून येते तेव्हा ताकद, कमाल वेग आणि मीटरचा पडदा यांवरच बहुतेक जागा खर्च होते. गाडीत बदल करण्याचा विषय निघाला, की सायलेन्सर, जादा दिवे आणि पत्र्याच्या पेट्या यांची छायाचित्रे येतात. अशी गाडी घेणाऱ्याच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही आणि त्याचा पैसा भलतीकडेच जातो. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

या गाड्यांचा सगळा गुण त्यांच्या वजनात आहे. १९६८ साली यामाहाने २५० सीसीची टू-स्ट्रोक डीटी-१ आणली, तेव्हा रस्त्यावर चालवायला कायदेशीर आणि तरीही मातीत खऱ्या अर्थाने चालणारी गाडी सर्वसामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली. १९८५च्या सेरो २२५ने तोच धागा चार-स्ट्रोक इंजिनात पुढे नेला. आजची होंडा सीआरएफ ३००एल घ्या. इंजिन २८६ सीसी, टाकी ७.८ लिटरची, दोन्ही चाकांचा ट्रॅव्हल (चाक वर-खाली होण्याची एकूण मुभा) २६० मिलिमीटर आणि पेट्रोलसकट वजन सुमारे १४२ किलो. चिखलात आडवी झालेली एवढी गाडी एकट्या माणसाला उचलता येते. त्यावर पोलादी क्रॅश गार्ड, मागचे कॅरिअर, दोन पेट्या आणि जादा दिव्यांची चौकट चढवली, की प्रत्येक वस्तू दोन-चार किलोचीच असली तरी बेरीज वीस-पंचवीस किलोंवर जाते. हे वजन बसते उंचावर किंवा मागच्या एक्सलच्याही मागे, म्हणजे जिथे ते सर्वांत जास्त जाचते तिथेच. पुढे लिहिलेल्या प्रत्येक बदलाला माझा पहिला प्रश्न एकच असतो : याने गाडीचे वजन किती वाढेल आणि ते कुठे बसेल?

सुरुवात मोजपट्टीपासून करावी. नवी गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती खाली बसते ते, मोजून घ्यायला हवा, कारण कारखान्यातली स्प्रिंग कुठल्या तरी सरासरी वजनाच्या माणसासाठी बसवलेली असते. गाडी ठोकळ्यावर घेऊन मागचे चाक हवेत लोंबकळू द्या. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, साइड पॅनेलवर चिकटपट्टीची एक खूण करा आणि अंतर घ्या; समजा ते ६२० मिलिमीटर आले. आता गाडी जमिनीवर उभी करा, सीट दोन-तीनदा दाबून सोडा आणि तेच अंतर पुन्हा घ्या. समजा ५९० आले. मग चालवणाऱ्याने हेल्मेट, बूट, पाठीवरची पिशवी असा सगळा जामानिमा करून गाडीवर नेहमीच्या जागी बसावे, दोन्ही पाय फूटपेगवर ठेवावेत, एकाने हँडल धरावे आणि दुसऱ्याने मोजावे. समजा ५४० आले. पहिल्या आणि दुसऱ्या मापातला फरक, ३० मिलिमीटर, हा गाडीचा स्वतःचा सॅग. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक, ८० मिलिमीटर, हा स्वारासकटचा सॅग. स्वारासकटचा सॅग एकूण ट्रॅव्हलच्या ३० ते ३३ टक्के असावा, म्हणजे २६० मिलिमीटर ट्रॅव्हलला साधारण ७८ ते ८६. तो जास्त भरला तर शॉकवरची प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी, रिंग आवळायची, कमी भरला तर सैल करायची. रिंगला पाना लावण्याआधी तिच्या आट्यांतली माती ताराच्या ब्रशने झाडून तेलाचा फवारा मारावा. कचकच चालू असताना रिंग फिरवली तर अॅल्युमिनियमचे आटे कायमचे जातात.

इथे एक गोष्ट फार जण चुकवतात. प्रीलोड आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. गाडी फक्त उंच बसते. म्हणून स्वारासकटचा सॅग जमवल्यावर गाडीचा स्वतःचा सॅग पुन्हा मोजायचा. तो २५ ते ४० मिलिमीटरच्या दरम्यान असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला योग्य आहे. तो आठ-दहा मिलिमीटरवर आला असेल, तर मऊ स्प्रिंग जबरदस्तीने दाबून तुम्ही आकडा जमवला आहे. अशी गाडी छोट्या खड्ड्यावर मागून उडते आणि मोठ्या खड्ड्यात तरीही तळाला लागते. तिला कडक स्प्रिंगच हवी. उलट स्वारासकटचा सॅग बरोबर असून गाडीचा स्वतःचा ५०च्या पुढे गेला, तर स्प्रिंग तुमच्यासाठी गरजेपेक्षा कडक आहे. हलक्या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत शॉकला प्रीलोडखेरीज काहीच फिरवता येत नाही आणि पुढच्या फोर्कला तर तेही नसते. तिथे वजनाप्रमाणे स्प्रिंगा आणि योग्य जाडीचे फोर्क ऑइल एवढे केले तरी गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलते. मागची कडक केली आणि पुढची तशीच मऊ ठेवली, असे मात्र करू नये. ब्रेक मारताच गाडी नाकावर उभी राहिल्यासारखी होते आणि उतारावर हँडल अस्थिर होते. फोर्क ऑइलची पातळी मोजताना स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला आणि नळी उभी हवी. नळीच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचे अंतर धरायचे आणि ते दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखे ठेवायचे. पातळी दहा मिलिमीटरने वर नेली, तर वरच्या हवेची जागा घटते आणि फोर्क शेवटच्या टप्प्यात कडक होतो. तळाला लागणाऱ्या फोर्कवर हा सर्वांत स्वस्त उपाय.

जिथे डॅम्पिंगचे, म्हणजे सस्पेन्शनच्या हालचालीचा वेग आवरणारे, स्क्रू आहेत तिथे आधी ते हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती टिचक्या वाजल्या ते मोजावे आणि वहीत लिहून ठेवावे. एका वेळी एकच स्क्रू, दोन टिचक्या, आणि तोच रस्त्याचा तुकडा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

उंचीचा प्रश्न इथेच येतो. ८८० मिलिमीटरची सीट पाहून अनेक जण गाडी खाली बसवणारी लिंक लगेच लावून घेतात. तिने मागचा भाग खाली येतो, पण स्टिअरिंगचा कोन आडवा होतो, पुढचे चाक वळणात बाहेर पळते, टायर मडगार्डला घासू शकतो आणि साइड स्टँड लांब पडल्याने गाडी जवळपास सरळ उभी राहते व वाऱ्याने पडते. लिंक लावायचीच तर फोर्क त्याला वर धरणाऱ्या ट्रिपल क्लॅम्पमध्ये त्याच प्रमाणात वर सरकवा आणि स्टँड कापून घ्या. त्याआधी मात्र सॅग बरोबर करून पाहा. हलक्या माणसाच्या हाती गरजेपेक्षा कडक स्प्रिंगची गाडी आली असेल, तर नुसत्या योग्य स्प्रिंगने ती वीस-तीस मिलिमीटर खाली बसते. सीटचा फोम मांड्यांच्या बाजूंनी निमुळता कापला, तरी पाय जमिनीवर सहज पोचतो.

आता गिअरिंग. रस्त्यावर वेग दिसावा म्हणून कारखान्यातून येणारे गिअरिंग कच्च्या वाटेला फार वेगाचे पडते. पहिल्या गिअरमध्ये चढावर क्लच घासत राहतो आणि लवकर जळतो. पुढचे स्प्रॉकेट एक दात कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पुढे १४ आणि मागे ४० दातांची जोडी असेल तर गुणोत्तर (मागचे दात भागिले पुढचे) २.८६ येते, पुढे १३ केले की ३.०८ होते. हाच परिणाम मागे ४३ दात लावून मिळतो, म्हणजे पुढचा एक दात मागच्या साधारण तीन दातांइतका. त्याच वेगाला इंजिन जवळपास आठ टक्के जास्त फिरते : मिनिटाला ६,००० फेऱ्यांऐवजी ६,४६०. महामार्गावर ज्यांचा निम्म्याहून जास्त वेळ जातो त्यांनी हा आकडा नीट पाहावा. पुढचे स्प्रॉकेट १२पर्यंत खाली आणू नये. चेनला फार आखूड वळण घ्यावे लागते, ती लवकर झिजते आणि मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरची रबरी पट्टी खाऊन पुढे अॅल्युमिनियम कापू लागते. ज्या गाडीचे स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालते तिच्या आकड्यात फरक पडतो, पुढच्या चाकावरून चालणाऱ्यात पडत नाही. मागच्या बाजूला तीन-चार दात वाढवले तर चेन बहुधा आखूड पडते, त्यामुळे स्प्रॉकेटबरोबर दोन कड्या जास्तीची चेन आधीच आणून ठेवावी.

चेनच्या ढिलाईविषयी थोडे थांबून लिहितो, कारण लांब ट्रॅव्हलच्या गाडीत सर्वांत महागडे नुकसान इथेच होते. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले, की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. गाडी स्टँडवर उभी असताना हे तिन्ही एका रेषेत नसतात. म्हणून तिथे छान घट्ट वाटणारी चेन खड्ड्यात चाक वर गेले की तारेसारखी ताणली जाते, गिअरबॉक्सचे बेअरिंग आणि ऑइल सील ओढते आणि सस्पेन्शनला तिथेच अडवते. योग्य पद्धत अशी : शॉकचा खालचा बोल्ट काढून, चाक उचलून तिन्ही बिंदू एका रेषेत आणा, तिथे खालच्या फेरीला सुमारे दहा मिलिमीटर खेळ ठेवून एक्सल आवळा. बोल्ट परत बसवा, गाडी साइड स्टँडवर ठेवा आणि तिथे ढिलाई किती दिसते ते मोजा. ती ४० ते ५० मिलिमीटर दिसली तर घाबरू नका, तुमच्या गाडीसाठी तोच बरोबर आकडा आहे. तो स्विंगआर्मच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. झीज पाहायची तर ५२० मापाच्या चेनच्या २० कड्या ताणून मोजा; नव्या चेनमध्ये ते अंतर ३१७.५ मिलिमीटर असते, ३२०च्या पुढे गेले की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदला. ४२८ चेनला नवीन माप २५४ मिलिमीटर. जोडकडीच्या क्लिपचे बंद टोक चेनच्या चालण्याच्या दिशेने हवे, म्हणजे वरच्या फेरीत पुढे. उलट बसवलेली क्लिप एखाद्या झुडपाच्या फांदीनेही निघते.

टायरच्या नक्षीवर फार चर्चा होते, हवेवर होत नाही. रस्त्यावर २२ ते २५ पीएसआय, खडी आणि कच्च्या वाटेवर १८च्या आसपास, वाळू किंवा चिखलात १२ ते १४, आणि परत डांबरावर आल्यावर पंपाने पुन्हा पूर्ण. हलक्या गाडीला हे आकडे चालतात. सामान लादले असेल तर दोन-चार पीएसआय वर राहावे. हवा कमी केली आणि दगडावर वेगाने गेलात, तर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटून दोन शेजारी भोके पडतात. हवा कमी केल्याने टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबला बरोबर ओढतो, तेव्हा व्हॉल्व्ह मुळाशी तुटतो. अशा ट्यूबला पॅच लागत नाही. म्हणून १२च्या आसपास चालवायचे असेल तर मागच्या चाकात टायर रिमला आवळून धरणारा रिम लॉक हवाच. व्हॉल्व्हचा बारका नट रिमवर आवळून ठेवू नका; तो वर, टोपीला लागून ठेवा. टायर सरकू लागला की व्हॉल्व्ह तिरका दिसतो आणि तुटण्याआधी सावध करतो. रिमला चिकटवलेला नट हा इशारा दडपून टाकतो. बरोबर एकच जादा ट्यूब न्यायची तर २१ इंची पुढची न्यावी. ती अडीअडचणीत १८ इंची मागच्या चाकात दुमडून बसवता येते, उलटे जमत नाही. टायर काढायचे लिव्हर, मागच्या एक्सलच्या मापाचा पाना, पॅच, पंप, एक जोडकडी, थोडी तार आणि दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. यापलीकडे हत्यारे वाहून नेण्यात अर्थ नाही, पण ही हत्यारे घेऊन घराच्या अंगणात एकदा तरी मागचा टायर काढून परत बसवलेला असावा.

नव्या चाकातल्या तारा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये सैल होतात. पान्याने प्रत्येक तारेवर टिचकी मारा. स्वच्छ आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे सैल. एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त आवळू नका आणि आवळल्यावर चाक फिरवून रिम डोलते का ते पाहा.

एअर फिल्टर हा या पत्राचा सर्वांत जिव्हाळ्याचा भाग. कच्च्या वाटेवर इंजिन मरते ते बहुतेकदा धुळीने. धुळीतले सिलिकाचे कण सिलिंडरच्या भिंतीवर आणि पिस्टनच्या रिंगांवर घासतात, कॉम्प्रेशन उतरते, तेल जळू लागते, इनटेक व्हॉल्व्ह बैठकीत खोल जातो आणि त्याचा गॅप संपल्याने थंड इंजिन सुरू होईनासे होते. सायलेन्सरवर पैसे खर्च करणारे लोक याच फिल्टरकडे वर्षभर पाहत नाहीत. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

फोमचा फिल्टर असेल तर तो रॉकेलमध्ये किंवा फिल्टर क्लीनरमध्ये दाबून धुवायचा. पिळायचा नाही, कारण पिळल्याने शिवणीचा गोंद सुटतो. पेट्रोलही वापरू नये, तेसुद्धा गोंद विरघळवते. मग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचा. ओलसर फोमला तेल चिकटत नाही. वाळल्यावर फोम-फिल्टरचे चिकट तेल सगळीकडे सारखे लावून, मुठीत दाबून जादाचे काढायचे. रंग सगळीकडे एकसारखा दिसला पाहिजे, फिका डाग म्हणजे धुळीला उघडे दार. बसवताना फिल्टरच्या कडेला, जिथे तो एअरबॉक्सला, म्हणजे त्याच्या डब्याला, टेकतो तिथे, ग्रीसची पातळ रेघ लावा. एअरबॉक्स आतून ओल्या फडक्याने पुसा. फिल्टर काढताच इनटेकच्या नळीत फडके कोंबावे, नाहीतर बाहेरची माती आत पडते. बसवण्यापूर्वी नळीच्या आत बोट फिरवून पाहा. बोटाला कण लागला, की फिल्टर कुठेतरी नीट बसलेला नाही. त्या दिवशी गाडी सुरू करू नका, ती जागा शोधा. धुळीच्या ताफ्यात मागून चालणाऱ्याला हे काम रोज संध्याकाळी करावे लागते, एकट्याने फिरणाऱ्याला दोन-तीन दिवसांनी. कागदी फिल्टरला वेगळे तेल लावायचे नाही, आणि कारखान्यातून तेल लावून आलेला कागदी फिल्टर हवेच्या फवाऱ्याने झाडायचाही नाही. तो बदलायचाच असतो. त्या गाडीला फोमचा पर्याय मिळत असेल तर तो घेणे हा चांगला बदल.

एअरबॉक्सला भोके पाडण्याची आणि मोकळा सायलेन्सर लावण्याची चाल जुनी आहे. सुझुकीच्या डीआर-झेड ४००च्या एअरबॉक्सवर तीन इंच बाय तीन इंचांचे भोक पाडण्याचा बदल जगभर प्रसिद्ध आहे, पण तो कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे) बदलून करायचा असतो हे अनेकदा सांगायचे राहून जाते. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले, तर मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, थ्रॉटल सोडल्यावर फटफटते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर संथ, एकसारख्या चालीत पेट्रोल सावरून घेतो. थ्रॉटल मोठा उघडला की गाडी ठरलेल्या नकाशावर, म्हणजे किती पेट्रोल सोडायचे याच्या साठवलेल्या तक्त्यावर, चालते आणि तिथे सेन्सर मदतीला येत नाही. नकाशा बदलल्याशिवाय नुसता सायलेन्सर बदलून हाती येतो तो आवाज. आणि हा आवाज आपल्या सगळ्यांच्या मुळावर येतो. जंगलातल्या, शेतांमधल्या, डोंगरावरच्या वाटा दुचाकींना बंद होतात त्यामागे बहुतेक वेळा आवाजाची तक्रार असते, वेगाची नव्हे. कारखान्याचा सायलेन्सर जड असतो हे खरे, दोन-तीन किलो वाचतात हेही खरे. पण ते वाचवायचे तर आवाज मूळच्या पातळीवर ठेवणारा, ठिणगी अडवणारी जाळी असलेला सायलेन्सरच घ्यावा. जाळी काढून टाकणे म्हणजे वाळक्या गवतात ठिणगी सोडणे.

विजेचा हिशेब साधा असतो, तरी कुणी करत नाही. छोट्या गाडीचा जनरेटर थोडेच वॉट देतो आणि इंजेक्शन, पंप, दिवा यांतच त्यातले बहुतेक जातात. गरम होणाऱ्या मुठी ३० ते ३६ वॉट, जादा दिव्यांची जोडी ४० वॉट, मोबाइल चार्जर १५ वॉट. हे सगळे लावून बॅटरीच्या टोकांवर मीटर धरा. इंजिन ५,००० फेऱ्यांवर असताना १३.५ व्होल्टच्या वर दिसायला हवेत, १२.८च्या खाली दिसले तर तुम्ही बॅटरी खात आहात. मूळचा ५५ वॉटचा दिवा बदलून वॉट वाचवता येतात, मात्र रिफ्लेक्टरमध्ये कुठलाही एलईडी बल्ब कोंबला तर प्रकाशाची कड बिघडते आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दिव्याला रिले (विजेवर चालणारा स्विच) लावा, फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात ठेवा आणि स्टिअरिंगच्या मानेजवळ वायरला थोडी ढील द्या. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवताना वायर ताणली जात असेल, तर काही महिन्यांत ती आतल्या आत तुटते आणि दोष शोधता शोधता दिवस जातो.

हँडल उंच करणारे रायझर लावल्यावरही हीच तपासणी. इंजिन सुरू ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवा. फेऱ्या आपोआप वाढल्या तर थ्रॉटलची केबल अपुरी पडते आहे. अॅल्युमिनियमच्या कण्याचे हँडगार्ड हा मात्र खरोखर उपयोगी बदल आहे. पडल्यावर लिव्हर वाचते आणि गाडी घरी येते. बसवताना उजव्या बाजूला मुठीच्या टोकाचे प्लास्टिक कापून मोकळे करावे लागते आणि मूठ व गार्ड यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फट ठेवावी लागते. मूठ पूर्ण पिळून सोडली की थ्रॉटल झटकन बंद झाला पाहिजे, हँडल कुठल्याही कोनात असो. तो रेंगाळला तर गाडी रस्त्यावर काढू नका. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरच्या क्लॅम्पखाली प्लंबरची पांढरी टेप दोन फेरे गुंडाळा आणि क्लॅम्प इतपतच आवळा की हाताच्या जोरदार ढकलण्याने लिव्हर फिरेल. पडल्यावर ती तुटण्याऐवजी वळते. इंजिनखालची संरक्षक पाटी अॅल्युमिनियमची घ्यावी, तिच्यात तेल सोडण्याचे भोक आहे का ते पाहावे आणि चिखलातून आल्यावर ती काढून धुवावी. पाटी आणि इंजिन यांच्यात वाळलेली माती इंजिनची उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

सामान मागच्या सबफ्रेमवर, म्हणजे सीटखालच्या चौकटीवर, चढत जाते आणि पुढे बोल्ट तुटतात किंवा वेल्डिंगला तडा जातो. कापडी पिशव्या, दोन्ही मिळून दहा-बारा किलो, जितक्या पुढे आणि खाली सरकवता येतील तितक्या, आणि सायलेन्सरच्या बाजूला पत्र्याचा आडोसा. यापेक्षा जास्त लागत असेल तर गाडी बदला, कॅरिअर नव्हे. सबफ्रेमचे बोल्ट मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरच्या (आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाच्या) थेंबासह बसवून ठेवावेत.

शॉकच्या लिंकेजच्या आणि स्विंगआर्मच्या बेअरिंगांना कारखान्यातून बहुधा नाममात्र ग्रीस असते. गाडी नवी असतानाच ती उघडून पाण्याला टिकणारे ग्रीस भरावे; वर्षभराने उघडायला गेलात तर स्विंगआर्मची खीळ गंजून घट्ट बसलेली सापडेल आणि हातोड्याशिवाय निघणार नाही. इंजिनात तेल फक्त लिटर-दीड लिटर असते, म्हणून धुळीत आणि पाण्यात चालणाऱ्या गाडीचे तेल पुस्तकातल्या लांबलचक अंतरापर्यंत ताणू नये. ड्रेन बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळावा. अॅल्युमिनियममधले आटे एकदाच चुकून जातात. जुनी गाडी घेताना हेच दोन बिंदू आधी पाहा : मागचे चाक वर करून स्विंगआर्म आडवा हलतो का, आणि फिल्टरमागच्या नळीत धूळ आहे का. मीटरवरचे किलोमीटर त्यानंतर.

ओढ्यात गाडी बुडून बंद पडली तर स्टार्टरला हात लावू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, थ्रॉटल उघडा, गाडी उलटी-तिरपी करून सायलेन्सर आणि एअरबॉक्समधले पाणी काढा, मग प्लग बाहेर ठेवूनच इंजिन फिरवा. तेल दुधाळ दिसले तर ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता विनंती. आपल्या पानावर पुढच्या वेळी अशा गाडीचे परीक्षण येईल तेव्हा ताकदीच्या आकड्याशेजारी एक छोटी चौकट द्यावी : टाकी भरून काट्यावर केलेले वजन; चालवणाऱ्याचे वजन आणि त्याच्यासह मोजलेला सॅग; फोर्क आणि शॉकमध्ये काय काय जुळवता येते; दोन्ही स्प्रॉकेटचे दात; मागच्या रिमचा व्यास आणि ट्यूब आहे की नाही; जनरेटरचे वॉट; कंपनीने सांगितलेली भाराची मर्यादा; आणि एअर फिल्टर काढायला किती स्क्रू उघडावे लागतात. हे मोजायला एक मोजपट्टी, एक काटा आणि दुपारचा तासभर वेळ पुरतो.

आपला,
एक नियमित वाचक